आईच्या कंबरदुखीवर ट्रॅमाडॉल दिली आहे. घ्यावी की नको?

अंगणातली_जाई | सोमवार, रात्री ९.४०

आई ७२ वर्षांची. कमरेच्या मणक्यात नस दबतेय (लंबर कॅनल स्टेनोसिस), चार वर्षं झाली. दहा मिनिटं उभी राहिली की पाय भरून येतात, मग ओट्यावर कोपरं टेकून पोळ्या लाटते. ऑपरेशनला तयार नाही, आणि शुगर-बीपी बघता डॉक्टरही फार आग्रह करत नाहीत. इतके दिवस डायक्लोफेनॅकवर भागत होतं. गेल्या महिन्यात किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन १.५ आलं आणि ती गोळी बंद झाली. आता हाडांच्या डॉक्टरांनी ट्रॅमाडॉल १०० एसआर लिहून दिलीय, रात्री जेवल्यावर एक.

भावाला ह्यूस्टनला फोनवर सांगितलं तर तो ओरडलाच. "अगं ती ओपिऑइड आहे! इथे माणसं मरतायत यानं!" इकडे दुकानदार म्हणाला, "ताई, काही होत नाही, अर्ध्या डोंबिवलीचे गुडघे यावर चालतात."

आई मधल्यामध्ये. तिने स्वतःच तोडगा काढलाय, गोळी मोडून अर्धीच घेते. कोणाला असा अनुभव आहे का?

तिरकस_चौकट | सोमवार, रात्री ९.५२

भाऊ आणि दुकानदार दोघांनाही सोडा. ज्याने लिहून दिली त्याला विचारलंत का? (धागा वाचतोय.)

काढा_घ्या | सोमवार, रात्री १०.१५

निर्गुडीचं तेल कोमट करून लावा, वर एरंडाची पानं बांधा. माझ्या वडिलांची कंबर यानेच सुटली. इंग्रजी औषधांनी किडनीची वाट लागते हे तुम्ही पाहिलंच आहे.

फणसाचा_गरा | सोमवार, रात्री १०.२१

@काढा_घ्या, तेलाला हरकत नाही, माझी आजीही लावायची. पण 'इंग्रजी नको' म्हणून आमच्या काकांनी कुठल्याशा जत्रेतली 'शुद्ध आयुर्वेदिक' पुडी सहा महिने खाल्ली. गुडघे पळायला लागले आणि चेहरा पुरीसारखा फुगला. तपासणीत कळलं, पुडीत स्टिरॉइड. तेव्हा तेल लावा, पुड्या नकोत.

तिरकस_चौकट | सोमवार, रात्री १०.२४

काकांचे गुडघे पळत होते म्हणजे पुडीत दम होता. हलकेच घ्या.

सुईदोरा | मंगळवार, सकाळी ६.५०

मी भूलतज्ज्ञ आहे, आठवड्यातून तीन दिवस पेन क्लिनिकमध्ये बसते. रुग्ण न बघता 'घ्या' किंवा 'बंद करा' सांगणार नाही. पण जाईताई, काही गोष्टी आजच बघा.

पहिली, आणि सगळ्यात महत्त्वाची: आई आणखी काय काय घेतात? डब्यातल्या सगळ्या गोळ्या ताटात ओतून बघा. झोपेची, 'डोकं शांत राहायची', मुंग्यांसाठी दिलेली, खोकल्याचं औषध, सगळं. ट्रॅमाडॉल दोन बाजूंनी काम करते. एका बाजूने ती अफूच्या कुळातली, दुसऱ्या बाजूने सेरोटोनिन वाढवणारी. म्हणून डिप्रेशनच्या काही गोळ्यांशी तिचं जमत नाही. पूर्वी फिट आलेल्या माणसाला ती देताना आम्ही दोनदा विचार करतो. मधुमेह्यांत क्वचित साखर खाली जाते. आणि अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम अशा गोळ्या सोबत असल्या तर गुंगी वाढते, श्वास मंदावतो. या जोडीवर अमेरिकेच्या एफडीएने (तिथली औषध नियामक संस्था) २०१६ मध्ये वेष्टनावर काळ्या चौकटीतला इशारा छापायला लावला. पेग घेणाऱ्यांनाही तेच लागू. (आई घेत नसतील, पण धागा वडीलही वाचतात.)

दुसरी: क्रिएटिनिन १.५ म्हणजे या वयात किडनी बऱ्यापैकी मंद चालतेय. औषध शरीरात जास्त वेळ राहतं. डोस ठरवताना डॉक्टरांनी हे धरलंय ना, एवढं विचारा.

तिसरी: गोळीने नेमकं काय साधायचंय? 'दुखणं जावं' हे उत्तर नाही, ते बहुधा जाणार नाही. 'वीस मिनिटं चालता यावं', 'रात्री चार तास सलग झोप लागावी', असं काहीतरी मोजता येण्याजोगं. दोन-चार आठवड्यांत ते साधलं नाही तर गोळी वाढवत न्यायची नाही, हळूहळू काढायची.

व्यसनाबद्दल. शरीराला सवय होणं वेगळं आणि व्यसन वेगळं. तुमचा सकाळचा चहा चुकला की अकरा वाजता डोकं दुखतं, ती सवय. चहासाठी बायकोची पाटली विकली तर ते व्यसन. बरेच दिवस ओपिऑइड घेणाऱ्या जवळपास प्रत्येकाला पहिली गोष्ट होते, म्हणूनच एकदम बंद करायची नसते. दुसरी काहींनाच होते. पण कोणाला होईल ते कपाळावर लिहिलेलं नसतं. घरात दारूचा इतिहास आहे का, जुनं डिप्रेशन आहे का, हे मी म्हणून विचारते आणि रुग्णांना राग येतो.

औषधवाला_काका | मंगळवार, सकाळी ८.१२

सुईदोरा मॅडमनी बरंच सांगितलं, पण एक राहिलं. जाईताई, एसआर गोळी मोडायची नाही! एसआर म्हणजे औषध बारा-चोवीस तासांत थोडं थोडं सुटावं अशी रचना. मोडली, चावली, कुटली की ती रचना बिघडते आणि दिवसभराचं औषध एकदम अंगात जाऊ शकतं. आई अर्धी घेऊन जपतायत असं त्यांना वाटतंय, पण होतंय उलट. कमी हवी असेल तर साधी ५० ची वेगळी येते, डॉक्टरांकडून बदलून घ्या.

आणि 'काही होत नाही' म्हणणाऱ्या माझ्या धंदेभावाला माझा दंडवत. ट्रॅमाडॉल शेड्यूल एच-१ मध्ये आहे. चिठ्ठीशिवाय द्यायची नाही, रजिस्टरला रुग्णाचं, डॉक्टरचं नाव लिहायचं, ते तीन वर्षं जपायचं. २०१८ पासून एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातही आली. तरी रोज दोघे-तिघे येतात, "काका, ती कंबरेची पांढरी कॅप्सूल द्या, चिठ्ठी घरी राहिली." दिली नाही की पुढच्या दुकानात जातात.

एडिसनची_वहिनी | मंगळवार, सकाळी ८.४०

भाऊ ओरडला ते चुकीचं नाही, पण तो जे बघतोय ते वेगळं आहे.

ह्यांची २००९ साली डिस्कची शस्त्रक्रिया झाली, इथेच न्यू जर्सीत. घरी येताना ऑक्सिकोडोनच्या ६० गोळ्यांची बाटली हातात दिली. कोणी काही विचारलं नाही, फक्त 'दुखलं की घ्या'. त्या काळात डॉक्टरांना हेच शिकवलं गेलं होतं. पर्ड्यू कंपनीने १९९६ मध्ये ऑक्सिकॉन्टिन (ऑक्सिकोडोनचीच गोळी) बाजारात आणताना व्यसनाचा धोका फार कमी असल्याचं पसरवलं. २००७ मध्ये कंपनीने या दिशाभुलीचा गुन्हा कोर्टात कबूल केला आणि ६० कोटी डॉलर भरले. गोळ्या मात्र विकल्या जात राहिल्या.

ह्यांच्या दोनाच्या चार झाल्या, चाराच्या सहा. पाठ तेवढीच दुखायची. आठव्या महिन्यात डॉक्टर बदलले, नव्याने सरळ बंद केलं. तीन रात्री हे घामाने थबथबलेले, नाक गळतंय, जुलाब, पाय झाडतायत. आम्हाला वाटलं फ्लू. मी पेज करून देत होते! शेजारच्या तेलुगू नर्सबाईंनी ओळखलं. मग दुसऱ्या डॉक्टरांकडे पाच महिने लावून थोडं थोडं उतरवलं. आता इथे कायदा इतका कडक झालाय की न्यू जर्सीत नव्या दुखण्याला पहिल्यांदा पाच दिवसांच्या वर गोळ्या देत नाहीत.

यानं मेंदू पोखरतो म्हणतात, तसं काही झालं नाही. हे आता ६१ चे आहेत, गणपतीत ढोल वाजवतात.

पाठीचा_कणा | मंगळवार, दुपारी १.०५

वहिनी, वाचून वाईट वाटलं. पण आता प्रत्येक धाग्यावर अमेरिकेचं भूत उभं राहतं त्याचा आम्हाला त्रास होतो, हेही लिहू द्या.

दोन फसलेल्या शस्त्रक्रियांनंतर मी सहा वर्षं ओपिऑइडच्या कमी डोसवर आहे. एकच डॉक्टर, एकच दुकान, वहीत तारीख-वेळ. सहा वर्षांत डोस एकदाच वाढला आणि एकदा कमी झाला. त्यावर मी शाळेत पाच तास उभी राहून शिकवते. गेल्या वर्षी गावी गेले होते, तिथल्या दुकानदाराने चिठ्ठी बघून मला आपादमस्तक न्याहाळलं आणि मोठ्याने म्हणाला, "हे नशेवाले घेतात." मागे माझी विद्यार्थिनी उभी होती.

पोहणे, फिजिओ, वजन, सगळं केलंय. कृपया योगासनं सुचवू नका.

काढा_घ्या | मंगळवार, दुपारी १.३०

भुजंगासन केलंत का?

तिरकस_चौकट | मंगळवार, दुपारी १.३१

याला म्हणतात हिंमत.

सुईदोरा | मंगळवार, रात्री ९.१०

@पाठीचा_कणा, तुमच्यासारखे रुग्ण माझ्याकडेही आहेत आणि त्यांची गोळी मी काढून घेत नाही. अमेरिकेत २०१६ मध्ये सीडीसीच्या (तिथली सरकारी आरोग्य संस्था) ओपिऑइडबद्दलच्या सूचना आल्यावर कित्येक डॉक्टरांनी घाबरून जुन्या रुग्णांचे डोस एकदम तोडले. त्यातून इतकं नुकसान झालं की २०१९ मध्ये एफडीएला 'असं एकदम तोडू नका' म्हणून इशारा द्यावा लागला, आणि २०२२ मध्ये सीडीसीने सूचना नव्याने लिहिल्या.

पण नव्याने सुरू करताना मी हात आखडता घेते, त्याचंही कारण सांगते. अमेरिकेत २४० माजी सैनिकांवर वर्षभराचा एक अभ्यास झाला, २०१८ मध्ये छापून आला. जुनी पाठदुखी किंवा गुडघे-खुब्याची झीज. अर्ध्यांना ओपिऑइड, अर्ध्यांना ओपिऑइड नसलेल्या वेदनाशामक गोळ्या, पॅरासिटामॉल वगैरे. वर्षाच्या शेवटी हालचालीत फरक नाही, आणि वेदना उलट दुसऱ्या गटाला किंचित कमी. म्हणजे कोणालाच उपयोग होत नाही असं नाही. पण झिजेच्या दुखण्यावर ओपिऑइड ही पहिली पायरी नक्की नाही.

आणि वेदना 'मनाची' आहे असं इथे कोणी लिहायच्या आत सांगते, तसं लिहू नका.

कृष्णाकाठ | बुधवार, सकाळी ७.२०

विषय थोडा बाजूचा आहे, पण लिहितो.

वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर होता. सांगली जिल्ह्यातलं गाव. शेवटच्या दोन महिन्यांत ते गुडघे पोटाशी घेऊन बसायचे, आडवं होता यायचं नाही. गावात मॉर्फिन नाही, तालुक्याला नाही. एका दवाखान्यात तर शब्द काढल्यावर डॉक्टरने दार लोटून घेतलं. शेवटी परळला टाटाच्या पॅलिएटिव्ह (वेदना कमी करणाऱ्या) विभागात गेलो. दहा मिलिग्रॅमच्या छोट्या गोळ्या, दर चार तासांनी, आणि सोबत पोट साफ होण्याची गोळी न चुकता. सिस्टरने बजावलं होतं, "मॉर्फिन एक वेळ विसराल तर चालेल, ही नाही."

थोरले चुलते म्हणाले, "दादाला व्यसन लावताय." दोन महिने राहिलेल्या माणसाला! घरी दोन दिवस भांडणं. तिसऱ्या दिवशी वडील भिंतीला टेकून बसले, पिठलं-भात मागितला आणि चुलत्यांनाच विचारलं, "उसाला पाणी दिलंस का?" त्यानंतर चुलते घड्याळ घेऊन बसायचे, चार तास झाले की हाक मारायचे.

मॉर्फिन म्हणजे शेवट, असं सगळे समजतात. वडील त्यावर सात आठवडे होते आणि त्यातले पाच बरे गेले.

माळव्यातला_मराठी | बुधवार, सकाळी ९.४५

कृष्णाकाठ, नमस्कार घ्या.

मी इंदूरचा, आजोळ नीमचकडचं. फेब्रुवारीत तिकडे गेलात तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरी फुलं. सरकारी पट्टा मिळालेले शेतकरी अफू पिकवतात, बोंडाला चिरा देतात, सकाळी चीक खरवडून काढतात आणि सरकारला मोजून देतात. नीमच आणि गाझीपूरला त्याचे सरकारी कारखाने. तो माल औषधासाठी परदेशी जात आलाय. आणि याच देशात १९८५ चा एनडीपीएस आल्यावर एका मॉर्फिनच्या गोळीसाठी चार-पाच परवाने लागायचे, म्हणून दवाखान्यांनी ठेवणंच सोडलं. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन वगैरे सहा औषधांना देशभर एकच नियम लावला. कागदावर. केरळात मात्र डॉ. राजगोपाल यांच्यासारख्यांनी त्याआधीपासून गावोगाव ही सेवा नेली, म्हणून तिकडचं चित्र वेगळं.

गिरगावकर_जुना | बुधवार, सकाळी १०.३०

चुलत्यांना दोष देऊ नका. आमच्या पिढीने ८० च्या दशकात चाळीत गर्द (ब्राउन शुगर) बघितली आहे. वरच्या मजल्यावरचा हुशार मुलगा आईची भांडी विकायचा. पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ ला सुरू झालं ते याच लाटेत. त्याही आधी आजी सांगायची, गिरणीत जाणाऱ्या बाया तान्ह्याला बाळगोळी चाटवून निजवायच्या, त्यात अफू असायची. काही मुलं उठायचीच नाहीत. ही भीती आमच्या हाडात आहे.

लाडू_चिवडा | बुधवार, सकाळी ११.००

अवांतर: अनारशाला लावतो ती खसखस याच झाडाची ना? मग आपण सगळेच...?

औषधवाला_काका | बुधवार, सकाळी ११.१८

झाड तेच, पण नशा चिकात, बियांत नाही. तुमचे अनारसे बिघडले तर दोष गुळाचा.

दुबईचा_दाजी | बुधवार, दुपारी १२.०२

पण दिवाळीला अनारसे घेऊन इकडे येऊ नका! खसखशीवर यूएईत बंदी आहे, गंमत नाही. आणि मूळ विषयाला धरून: ट्रॅमाडॉल, कोडीन इथे नियंत्रित औषधं आहेत. आई-वडील यायचे असतील तर आधी ऑनलाइन परवानगी काढा, चिठ्ठी सोबत ठेवा, गोळ्या मूळ स्ट्रिपमध्येच. आमच्या सासूबाई सगळ्या गोळ्या स्ट्रिपमधून काढून श्रीखंडाच्या डब्यात भरून आणतात. मी विमानतळावर उभा राहून रामरक्षा म्हणतो.

कोकणकन्या_लेट | बुधवार, दुपारी ३.३०

धागा वाचून लिहावंसं वाटलं. सासूबाईंना (७८) नागिणीनंतरच्या दुखण्यासाठी आठवड्याला बदलायचा ब्युप्रेनॉर्फिनचा (हेही ओपिऑइडच) पॅच दिला होता, खांद्यामागे लावलेला. चांगला चालला होता. थंडीत त्यांना खांदा आखडल्यासारखा वाटला, म्हणून मीच गरम पाण्याची पिशवी दिली. मीच! तासाभराने चहा घेऊन गेले तर घोरतायत, हाका मारल्या तर डोळे अर्धे उघडून परत मिटले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. श्वास इतका सावकाश की मी मोजायला लागले.

पॅच ओढून काढला आणि रिक्षाने हॉस्पिटलात. नॅलोक्सोनचं (ओपिऑइडचा असर उतरवणारं) इंजेक्शन दिल्यावर डोळे उघडले आणि पहिलं वाक्य, "माझे दात कुठे ठेवलेस?" रात्रभर तिथेच ठेवून घेतलं, कारण पॅचचं औषध कातडीत साठलेलं असतं आणि इंजेक्शनचा असर आधी उतरतो. उष्णतेने पॅचमधलं औषध भराभर आत जातं, हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. पाकिटातल्या कागदावर होतं, बारीक अक्षरात इंग्रजीत.

सुईदोरा | बुधवार, रात्री १०.०५

कोकणकन्या, श्वास मोजलात आणि वाट बघत बसला नाहीत. हा प्रतिसाद सगळ्यांनी दोनदा वाचा. गरम पिशवी, हीटिंग पॅड, उन्हात पाठ शेकत बसणं, अंगात ताप, सगळं त्यात आलं. फेंटानिलच्या पॅचला तर फारच.

जाईताई कुठे आहेत?

अंगणातली_जाई | गुरुवार, रात्री ११.२०

आहे. वाचत होते, आणि हातपाय गार पडले होते.

मंगळवारी रात्री डबा ताटात ओतला. अकरा प्रकारच्या गोळ्या. त्यात अल्प्राझोलाम ०.२५, रोज रात्री एक. बाबा गेले तेव्हा फॅमिली डॉक्टरांनी दिली होती, सहा वर्षांपूर्वी, "पंधरा दिवस घ्या" म्हणून. हाडांच्या डॉक्टरांना माहीतच नाही, कारण आईच्या मते ती 'औषध नाही, झोपेची आहे'. म्हणजे रोज रात्री ती मोडलेली एसआर आणि झोपेची गोळी एकत्र घेत होती. गेल्या शुक्रवारी सकाळी बाथरूमच्या दारात तोल गेला होता, आम्ही म्हटलं वय झालं.

आज दोन्ही डॉक्टरांकडे यादी घेऊन गेले. एसआर बंद. फार दिवस झाले नव्हते, म्हणून लगेच थांबवता आली. झोपेची मात्र एकदम बंद करायची नाही म्हणाले, काही महिने लावून उतरवायची. सध्या पॅरासिटामॉल ठरल्या वेळी, रोज फिजिओ आणि नसेसाठी एक छोटा डोस, तोही किडनी बघून. महिन्याने बघू. तरी नाही भागलं तर साधी ट्रॅमाडॉल ५०, तीही झोपेची सुटल्यावर, आणि सुरू केली त्या दिवसापासून पोटाचं औषध. (आई इसबगोल घेते. डॉक्टर म्हणाले ओपिऑइडच्या बद्धकोष्ठाला नुसत्या इसबगोलाने उलट जड होतं, वेगळं लागतं.)

भावाला सगळं सांगितलं. तो दोन मिनिटं गप्प, मग म्हणाला, "मी पण रात्री एक घेतो गं."

सुईदोरा | गुरुवार, रात्री ११.४१

भावाचं वेगळ्या धाग्यात. तुमचं ऐकून बरं वाटलं. आईला तो तिसरा प्रश्न विचारलात?

अंगणातली_जाई | शुक्रवार, सकाळी ७.०५

विचारला. म्हणाली, "मंडईत स्वतः जाऊन वांगी निवडायची आहेत. तू आणतेस ती कडू असतात."

औषधवाला_काका | शुक्रवार, सकाळी ८.३०

हे वहीत लिहून ठेवा. आणि उरलेल्या एसआर स्ट्रिपा कपाटात ठेवू नका, घरात नातवंडं येत असतील. दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारा, परत घेतात का.

पाठीचा_कणा | शुक्रवार, दुपारी २.१५

कृष्णाकाठ, उसाला पाणी दिलं होतं का पण चुलत्यांनी?

कृष्णाकाठ | शुक्रवार, दुपारी ४.५०

नव्हतं दिलं. त्याच संध्याकाळी दिलं.

अंगणातली_जाई | पाच आठवड्यांनी, रविवार

धागा वर काढतेय. झोपेची गोळी अर्ध्यावर आली आहे. पहिले दहा दिवस वाईट गेले, रात्री दोन वाजता रेडिओ लावून बसायची. ट्रॅमाडॉल अजून सुरू केलेली नाही. दुखणं आहेच, दहातलं सहा म्हणते, आधी आठ म्हणायची. फिजिओवाल्या मुलाने ढकलगाडी घेऊन पुढे वाकून चालायला शिकवलंय, तसं नसेवरचा दाब कमी होतो म्हणे.

काल मंडईत गेली. जाताना चालत, येताना रिक्षाने. अर्धा किलो वांगी स्वतः निवडली, भाजीवाल्याशी भांडली. घरी चिरली तर दोन किडकी.

म्हणाली, चष्मा विसरले होते.